आईकडचं चालत नाही

जात पडताळणीच्या अर्जाला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. वर खापरपणजोबा, खाली पणजोबा, मग आजोबा, चुलत आजोबा, बाप, काका आणि तळाला अर्जदार. मुरबाड-शहापूरकडच्या कुणब्यांच्या घराघरांत हे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी पत्र्याच्या पेटीत ठेवून जपलेले असतात. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो आणि तो एकदा हाती लागला की भावकीतल्या सगळ्या पोरांच्या कामी येतो. आमच्याही घरी अशी पिशवी आहे. तिच्यातल्या वंशावळीत सहा पिढ्यांचे पुरुष आहेत, बाई एकही नाही. सरकारनं १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं ठरवलं, ते बरं झालं. पण त्याआधीच्या आया राहिल्याच.

मला हवी होती माझ्या आईच्या आईची आई. ती मुरबाड तालुक्यात नांदली, तिचं सासरचं नाव आईला माहीत होतं, आणि माहेर कुठलं तर ‘किन्हवलीकडचं’. किन्हवली शहापूर तालुक्यात. तिच्या आसपास गावं किती, पाडे किती! आजी सांगायची तेवढा एकच धागा आणखी होता. आजीचा मामा दर वर्षी बैल घेऊन मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेला यायचा आणि बहिणीला तिथून घोंगडी घेऊन द्यायचा.

हे खूळ डोक्यात शिरलं ते अमेरिकेमुळे. माझा भाचा न्यू जर्सीत असतो, त्याची बायको मूळची मॅसॅच्युसेट्सकडची. तिच्या आईनं निवृत्तीनंतर आपल्या घराण्यातली एक बाई शोधून काढली, अमेरिका इंग्रजांची वसाहत होती त्या काळातली. व्हिडिओ कॉलवर त्या विहीणबाई मला उत्साहानं कागद दाखवत होत्या. मला वाटायचं, गोऱ्या लोकांकडे सगळं लिहिलेलं असणार. तसं नव्हतं. तिथेही लग्न झालं की बाई कायद्याच्या लेखी नवऱ्यात विरघळून जायची, तिचं आडनाव जायचं, मालमत्ता नवऱ्याची व्हायची. स्वतंत्र अमेरिकेची पहिली जनगणना झाली १७९०ला, तीत नाव लिहिलं ते फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकीची माणसं म्हणजे नुसते आकडे. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव यायला १८५० उजाडलं, आणि गुलामांची नावं तेव्हाही नाहीत. मग बाई सापडली कशी? तिच्या बापाच्या मृत्युपत्रात. ‘माझी लेक, अमक्याची बायको, हिला इतकं’ अशी एक ओळ. पुढे नवरा वारल्यावर विधवेचा तिसरा हिस्सा ठरवताना केलेल्या यादीत, भांडी आणि पिसांच्या गाद्या मोजता मोजता, तिचं नाव पुन्हा आलं.

म्हणजे बाई शोधायची तर तिच्या भोवतालचे पुरुष कधी मेले ते बघायचं. ही गोष्ट मला एकदम पटली, कारण आपल्याकडचं दप्तरही त्याच चालीचं आहे.

मुरबाडला अजून रेल्वे नाही. येणार, येणार हे मी शाळेपासून ऐकत आले आहे. कल्याणहून एसटीनं निघायचं, शहाड, मग रायत्याचा उल्हासवरचा पूल, गोवेली, आणि पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एमआयडीसीचे कारखाने दिसू लागले की मुरबाड आलं. कल्याण सोडताना मला दर वेळी पारनाक्याकडच्या आनंदीबाई जोशी आठवतात. १८६५ साली कल्याणच्या जोश्यांच्या घरात जन्मलेली यमुना, नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी झाली, १८८६मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाली आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात वारली. तिची रक्षा न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीला, ज्यांनी तिला लेकीसारखं ठेवून घेतलं त्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंच्या घराण्याच्या दफनभूमीत आहे. उद्या त्या घराण्यातलं कुणी आपली वंशावळ काढायला तिथे गेलं तर सगळ्या इंग्रजी नावांत त्याला एक कल्याणची मुलगी भेटेल. आनंदीबाईंचं माहेर, सासर, ठेवलेलं नाव, बदललेलं नाव, दहा दिवसांत गेलेलं मूल, सगळं आपल्याला माहीत आहे ते दोन बायकांनी तिचं चरित्र लिहिलं म्हणून: अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी आणि इकडे काशीबाई कानिटकरांनी. माझ्या पणजीला कुणी काशीबाई भेटली नाही. तिला भेटला तलाठी.

मुरबाडच्या अभिलेख कक्षात गर्दी होती. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून महाराष्ट्रभर जुन्या दप्तरांवरची धूळ उडाली आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना दिवस बरे आले. माझ्याबरोबरही असे एक निवृत्त गुरुजी होते. कारकुनानं अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी आपुलकीनं म्हणाला, “ताई, आईकडचं चालत नाही. वडिलांकडचं आणा.”

“चालवायचं नाहीये, नुसतं बघायचंय.”

“मग कशाला?” तो म्हणाला, पण गठ्ठा काढून दिला.

पहिल्यांदा कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा. गावातला कोण जन्मला, कोण मेला, याची कोतवालानं आणलेली खबर त्यात लिहिलेली असते. पानं तपकिरी, शाई ठिकठिकाणी फुटलेली, आणि मोडीतल्या ओळी डोक्यावरची रेघ ओढून मग तिला अक्षरं टांगल्यासारख्या. गुरुजी बोट न लावता, पेन्सिलीच्या उलट्या टोकानं ओळीखालून जात होते. ताप. ताप. पटकी. ताप. देवी. बाळंतरोग. मरण्याची कारणं इतकीच. आणि बायका? ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’, क्वचित नुसतं ‘औरत’. आमच्या पणजोबांचं नाव आलं, त्यापुढे ‘ची बायको’, जात कुणबी, कारण ताप. १९४०च्या अलीकडचं-पलीकडचं साल. बाई सापडली होती आणि तिचं नाव तिथे नव्हतं. गुरुजी म्हणाले, असंच असतं, चला पुढे.

पुढे म्हणजे फेरफार. हक्कनोंदीचा कायदा १९०३चा. तेव्हापासून जमिनीवरचं नाव बदललं की त्याची नोंद होऊ लागली: खरेदी, गहाण, वाटप आणि वारस. माझी सगळी भिस्त वारसनोंदीवर होती. आजी लहान असताना तिचा बाप गेला, हे घरात माहीत होतं. बाप मेला म्हणजे जमीन मुलाच्या नावावर चढणार, मुलगा अज्ञान म्हणजे कुणीतरी पालनकर्ता लागणार. सातबारा चाळणाऱ्याला ‘अ.पा.क.’ ही तीन अक्षरं सरावाची असतात: अज्ञान पालनकर्ता. त्या तीन अक्षरांपुढे हजारो बायकांची नावं या जिल्ह्याच्या दप्तरात आहेत. कुळकायद्यातही तसंच. १ एप्रिल १९५७ला कूळ जमिनीचं मालक झालं खरं, पण मूळ मालक विधवा असेल, अज्ञान असेल, तर कलम ३२-फप्रमाणे ते पुढे ढकललं जाई. म्हणून तिथेही बायकांची नावं भेटतात. नवरा असेपर्यंत दप्तराला बाई दिसत नाही. तो मेला की दिसते, मुलगा मोठा झाला की पुन्हा दिसेनाशी होते.

ती सापडली. पाच-सहा ओळींची नोंद. खातेदार मयत; वारस मुलगा, अज्ञान; अ.पा.क. आई, आणि तिचं नाव. आई म्हणायची तेच. गुरुजींनी पुढची ओळ वाचली आणि थांबून पुन्हा वाचली. वारसाची वर्दी दिली होती मयताच्या मेहुण्यानं. त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, राहणार अमुक, तालुका शहापूर. शेजारी डाव्या हाताचा अंगठा, अजून रेषा दिसाव्यात इतका नीट उठलेला. त्याहून जुन्या कागदांत कुणबी माणूस सहीच्या जागी नांगर काढायचा आणि बाई बांगडी काढायची, असं गुरुजींनी सांगितलं. आमच्या पानावर बांगडी नव्हती. भाऊ आला होता, त्यानं वर्दी दिली, अंगठा दिला आणि बहिणीच्या पोराच्या नावावर खाचर आणि वरकस चढवून तो नदी ओलांडून घरी गेला. दीर आणि भावकी असताना हे सोपं नसणार. मी त्या अंगठ्याचा फोटो काढायची परवानगी मागितली. कारकून म्हणाला, “रीतसर नक्कल घ्या.” घेतली.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. कारण पुढे कळेल.

लगेच तिकडे धावत सुटावं असं वाटलं नाही. मुरबाडपर्यंत येऊन नाणेघाट राहून गेला, असं माझं वर्षानुवर्षं झालं होतं. थंडी होती, तेवढ्यात तो करून घेतला. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्यानं सरळगाव, टोकावडे, मग वैशाखरे. तिथून पायवाट रानातून वर चढते. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांतला माल याच नळीतून जुन्नरला जायचा. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण वर अजून आहे. वाटेत लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या ठाकर बायका खाली उतरत होत्या. “बसत बसत ये गं,” एकीनं मला सांगितलं. बसत बसतच गेले.

घाटमाथ्याच्या थोडं खाली कातळात खोदलेली एक खोली आहे. आत दमट, कोंदट, गड फिरणाऱ्या पोरांनी ठोकलेल्या रात्रीच्या मुक्कामाच्या खुणा. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी आहेत. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा लेख नागनिका राणीचा, पहिल्या सातकर्णीच्या विधवेचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणते यज्ञ केले, दक्षिणा काय दिली, गायी किती, कार्षापणं किती, याचा त्यात हिशोब आहे. आणि नवऱ्यामागे तिनं घरात तापसीसारखे दिवस काढले, महिना महिना उपास केले, हेही आहे. इतिहासाच्या पुस्तकात हा लेख आपण आकड्यांसाठी आणि यज्ञांसाठी वाचतो. मला त्या दिवशी पाहायची होती मागची भिंत. तिथे कधीकाळी राजघराण्याचे पुतळे कोरलेले होते, वर प्रत्येकाचं नाव. पुतळे गेले, पावलांचे अवशेष राहिले, नावं राहिली. सिमुक सातवाहन, म्हणजे घराण्याचा मूळ पुरुष. नागनिका आणि सातकर्णी, आणि त्यातही तिचं नाव आधी. कुमार. आणि त्यांच्यातच महारठी त्रणकयिर. हा कोण? तिचा बाप, असं मानतात.

सासरच्या घराण्याच्या रांगेत तिनं आपला बाप उभा केला होता. मुरबाडच्या डोक्यावरचा हा सगळ्यात जुना कुळवृत्तांत, आणि त्यात माहेर आहे! नंतरच्या दोन हजार वर्षांत काय झालं ते कोतवाल बुकात पाहून आले होते. अर्थात ती राणी होती, कातळ खोदून घेण्याइतका पैसा आणि सत्ता तिच्या हातात होती, हे विसरून भागणार नाही. सामान्य बाईनं माहेर कोरलं ते दळताना, जात्यावर. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळातून सुरुवात करून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत भाऊ आणि माहेर किती वेळा येतं, ते बघावं. आमच्या आजीलाही ओव्या येत होत्या म्हणे. कुणी लिहून घेतल्या नाहीत.

मध्ये कुणीतरी सुचवलं, त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यायांच्या वह्या बघा. शहापूरची माणसं कसारा घाट चढून तिथे जातातच. या वह्या मोठं धन आहे; हरिद्वारच्या वह्यांच्या तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेनं फिल्मा काढून नेल्या. पण तिथेही आधी विचारतात, गाव कुठलं, आडनाव काय. गाव आणि आडनाव हातात आल्यावर मला त्र्यंबकपेक्षा किन्हवली जवळ होती.

सरळगावहून किन्हवलीचा फाटा. काळू नदी पुलाखाली पावसाळ्यानंतरच्या संथ चालीनं वाहत होती. पणजी लग्न होऊन आली ती याच बाजूनं आली असणार, आणि भाऊ वर्दी द्यायला. १८५५ला वासिंदपर्यंत आणि १८६१ला कसाऱ्यापर्यंत आगगाडी आली तरी या मधल्या गावांना तिचा उपयोग थोडा. इथली सोयरीक पायानं जाता येईल तेवढ्या टापूत व्हायची. सकाळी निघून संध्याकाळी पोचता येईल, असं माहेर. भात कापून झालं होतं. खाचरांत धसकटं, बांधावर पेंढ्याची उडवी, पलीकडे माहुलीचे सुळके. आणि रस्त्याच्या कडेला, दर थोड्या अंतरावर, ‘फार्म हाऊस प्लॉट’च्या पाट्या. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, जून २०२५मध्ये सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. या भागात जमिनीला आता भाताच्या भावानं कुणी मोजत नाही.

गावात शिरून आडनाव विचारलं तर “कुठला, वरच्या आळीचा की खालच्या?” नाव सांगितल्यावर एका म्हाताऱ्यानं काठीनं घर दाखवलं. नव्या स्लॅबच्या घराला चिकटून जुनं कौलारू घर, ओसरीवर मोटरसायकल, भाताची पोती. साठीच्या पुढचे एक गृहस्थ बाहेर आले. मी नक्कल काढून नाव दाखवलं. चष्मा लावून त्यांनी वाचलं.

“हे तर आमचे आजोबा.”

मग आमचं नातं जुळवणं सुरू झालं. त्यांचा आजोबा माझ्या पणजीचा भाऊ. म्हणजे त्यांचा बाप माझ्या आजीचा मामेभाऊ. म्हणजे हे आईच्या पिढीचे. “म्हणजे मी तुझा मामा झालो की!” ते म्हणाले, आणि चहा सांगितला. मामी बाहेर येऊन बघून गेल्या. दोन्ही मुलगे आले, एकजण उभाच राहिला. चहा झाला. मामींनी ओटी भरायला सूप आणि तांदूळ काढले असावेत, आतून आवाज येत होता.

मामांनी नक्कल उलटून पालटून पाहिली. “ही काढायला किती पडले?”

मी सांगितलं.

“आणि वकील कोण केलाय?”

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. उभा असलेला मुलगा म्हणाला, “आत्याबाईचं पोरगं असंच आलं होतं, ताई. आधी नक्कल घेऊन, मग नोटीस घेऊन.” २००५च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलग्याइतका हक्क मिळाल्यापासून आणि महामार्गाचा पैसा दिसल्यापासून या भागात बहिणी, आत्या, त्यांची मुलं कागद घेऊन येऊ लागली आहेत, त्यांचं काही चुकतं असंही मला वाटत नाही. बहिणींकडून हक्कसोडपत्रं घेऊन ठेवायची, हा घरोघरीचा उद्योग झाला आहे. मी समजावून सांगितलं, पणजी १९५६च्या वारसा कायद्याच्या आधीच गेली, तिला इथे हिस्सा कधी नव्हताच, तर मला कुठून असणार. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“ते खरं गं,” ते म्हणाले. “पण लिहून दिलेलं बरं.”

वहीचं पान फाडून दिलं. मी लिहिलं की, माझ्या आईच्या आईची आई ही या घरची लेक. या घरच्या कोणत्याही जमिनीत माझा हक्क नाही आणि मी तो कधी मागणार नाही. खाली सही केली, तारीख घातली. धाकट्यानं त्याचा मोबाइलवर फोटो काढला, मामांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि मोकळेपणानं मांडी घातली. माझ्या पणजीचा या घराशी संबंध सांगणारा हा पहिला कागद असावा.

मग ते सांगायला लागले. आजोबा, त्यांचे भाऊ, त्यांची मुलं, कुणाला जमीन किती आली, कोण मुंबईला गिरणीत गेला, कोण भातसा धरणाच्या कामावर होता. पुरुषांची नावं भराभर येत होती. मी म्हटलं, आजोबांना बहिणी किती?

“एक… दोन असतील.” ते अडखळले.

“तीन,” आतून मामी म्हणाल्या. सूप घेऊन त्या दारात आल्या. “सासूबाई सांगायच्या ना. थोरली डोळखांबला दिली, ती बाळंतपणात गेली. धाकटी शेणव्याला. मधली मुरबाडला, हिची. नवरा लवकर वारला तिचा, तर आजेसासरे तिला म्हशाच्या जत्रेत भेटायचे, घोंगडी घ्यायचे.”

“तुला काय माहीत?” मामा म्हणाले. “तू तर टोकावड्याची.”

“मला नाही तर कुणाला माहीत असणार,” मामी म्हणाल्या, आणि मी वही पुढे ओढून तिघींची नावं विचारली. थोरलीचं त्यांना लगेच आठवलं. मधलीचं माहेरचं नाव काय, यावर मात्र शेजारच्या चुलत सासूला बोलावणं धाडावं लागलं, आणि त्या येईपर्यंत मामींनी मला आपल्या स्वतःच्या आईकडची चार नावं लिहून घ्यायला लावली.